बाहुलीच्या गळ्याचं काज

११ जुलै, कलबुर्गी

"घाबरलीस ते हाताला कळू देऊ नको, मल्ली."

अप्पा हे म्हणाले तेव्हा मी फ्रॉक घालायच्या वयाची होते आणि शिलाई मशीनची सुई माझ्या बोटातून आरपार गेली होती. भालकीच्या बाजारात अप्पांचं टेलरिंगचं दुकान होतं. ते ओरडले नाहीत. माझा हात मशीनवर तसाच दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं चाक उलटं फिरवलं, सावकाश. सुई वर आली. बोटाला चिंधी बांधून पान आणायला म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ परतलेच नाहीत. कामून गेले असतील, ते आज या वॉर्डात बसल्यावर कळलं. माझ्यासमोर हात थरथरायला नको होते त्यांना.

आज मीही तशीच बाहेर जाऊन आले. नळाखाली हात धरून उभी राहिले.

नीलू झोपली आहे. चार वर्षांची माझी नीलांबिका. गळ्याच्या खळग्यात भोक, त्यात वाकडी, पांढरी नळी, नळीला दोन्ही बाजूंनी फीत, ती मानेमागे बांधलेली. नळीतून श्वास जातो-येतो त्याचा बारीक आवाज होतो. गेल्या आठवड्यात आम्ही तिला आणलं तेव्हाचा आवाज असा नव्हता. तेव्हा श्वास आत ओढताना शिट्टी वाजत होती, प्रत्येक श्वासाला छातीखाली खड्डा पडत होता, ओठ जांभळे झाले होते. आम्ही चार वर्षं दमा आहे, दमा आहे म्हणत वाफ देत राहिलो. दमा नव्हताच. ती सातव्या महिन्यात जन्मली तेव्हा जगवण्यासाठी घशातून नळी घातली होती, बरेच दिवस. ज्या नळीनं तिला जगवलं तिनंच आत व्रण केला, आणि व्रण भरताना श्वासनळी तिथं आवळत गेली. डॉ. पवित्रा म्हणाल्या, "पेनातल्या रिफिलएवढी वाट उरली होती. सर्दीची सूज आली आणि तीही मिटायला लागली." म्हणून अरुंद जागेच्या खाली, गळ्यातून, दुसरी वाट केली.

आता हवा घशातून वर येतच नाही, म्हणून नीलूला आवाज नाही. रडते तेव्हा नुसतं तोंड उघडतं आणि डोळ्यांतून पाणी येतं. सिनेमाचा आवाज बंद केल्यासारखं. दिवसभर चिवचिव करणारी पोर.

डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं : नळी म्हणजेच तिचा श्वास. कफानं बुजली किंवा निसटली तर दवाखान्यात आणायला वेळ नसतो, तिथंच नवी घालावी लागते. घरातल्या दोन माणसांना ते जमल्याशिवाय सुट्टी नाही.

"मी आहे की," म्हटलं.

"तुम्ही एक झालात. तुम्हाला ताप येणार, तुम्ही बाजारात जाणार. दुसरं कोण?"

१३ जुलै

दुसरं माणूस म्हणून आधी हे उभे राहिले. हुमनाबादला हायवेवर यांचं लॉरीच्या ताडपत्र्या शिवायचं दुकान आहे. हाताएवढी सुई घेऊन उन्हात बसून सोळा चाकांच्या गाडीची ताडपत्री शिवणारा माणूस. नर्सबाईंनी नळी बाहेर काढली, गळ्याचं भोक उघडं दिसलं, आणि हे आवाज न करता भिंतीला टेकून खाली बसले. नीलूनं वाकून बघितलं आणि हसली. आवाज नसलेलं हसू. तेवढ्यासाठी तरी पडलात ते बरं झालं, असं मी त्यांना म्हटलं.

मग मी आत्याबाईंना विचारलं. यांच्या आई, हेमावती. नीलूला तीन वर्षं त्यांनीच अंघोळ घातली आहे, टाळूवर तेल त्यांचंच. त्या खाटेपासून लांब, दाराशी उभ्या होत्या.

"मला न्हाई जमायचं."

"शिकवतात, आत्याबाई. मीसुद्धा शिकायलेच."

"न्हाई म्हणले की एकदा. माझ्या हातात ते देऊ नको."

आणि वॉर्डाबाहेर गेल्या. मला वाईट वाटलं. राग आला, खरं तर. कफ, भोक, नळी यांची किळस येत असेल त्यांना. नातीची किळस!

१९ जुलै

बाहुली केली. जुन्या ब्लाऊजपीसची, आत कापूस भरून. गळ्यात बोटभर भोक कापलं आणि कडेनं काज केलं, शर्टाला करतो तसं, टाके जवळजवळ, म्हणजे भोक फाटणार नाही. नर्सबाईंनी सगळ्या वॉर्डाला दाखवलं. बाहुलीवर मी इतक्या वेळा नळी बदलली की पाठ झालं. खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, म्हणजे मान मागं जाते आणि भोक समोर येतं. नळीत काडी घालायची, ती वाट दाखवते. टोकाला जेली. नळी आत जाताच काडी काढायची, नाहीतर श्वास तिनंच बंद होतो. मग फीत. फितीखाली एक बोट जावं, जास्त नाही. हे मला सांगायला लागलं नाही. ब्लाऊजच्या गळ्याला किती सैल ठेवायचं ते बोटानंच मोजत आले आहे.

आज नीलूची नळी मी स्वतः बदलली. हातांना कळू दिलं नाही.

यांनीही बदलली. घामानं शर्ट भिजला.

"डोळे मिटून चालत नाही, प्रभुलिंगप्पा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मिटले न्हाईत, मॅडम. बारीक केलेत."

उद्या सुट्टी.

४ ऑगस्ट, हुमनाबाद

घरात सगळं नळीभोवती फिरतं. कफ ओढायचं मशीन शिलाई मशीनच्या शेजारीच ठेवलंय, माझे दोन्ही संसार एकमेकांना लागून. एक पिशवी कायम भरलेली : त्याच मापाची एक नळी, एक माप लहान अशी दुसरी, जेली, कात्री, फिती, पायानं दाबायचा कफाचा पंप. नीलू जिथं जाईल तिथं पिशवी. नीलूनं बोलायची सोय काढली आहे. जीभ टाळूला लावून "टक्" केलं की हो, दोनदा केलं की नाही. भूक लागली की पोटावर ताल धरते. पप्पांची नक्कल करायची असेल तर डोळे मिटून भिंतीला टेकून खाली बसते.

कफाचं मशीन सुरू केलं की आत्याबाई उठून बाहेर जातात. न चुकता. जेवताना असलं तरी ताट तसंच. आज त्या नीलूला अंगणातून हाका मारत होत्या, "शोभा, हळू, पडशील!" शोभा कोण, विचारलं तर "काय की, तोंडातून गेलं" म्हणाल्या. वय झालं. नावं विसरायल्या.

२ सप्टेंबर

बाहुलीच्या गळ्याचं काज उसवलं. मी तर महिनाभर बाहुलीला हात लावला नाही. नीलू खेळते तिच्याशी, तिनंच ताणलं असणार. दुहेरी दोऱ्यानं पुन्हा केलं.

१० ऑक्टोबर

बालवाडीत विचारून आले. मंजुश्रीबाई चांगल्या आहेत, एकदम नाही म्हणाल्या नाहीत. नीलूला मांडीवर घेतलं, नळीकडे बघून डोळे फिरवले नाहीत. पण म्हणाल्या, "मला एकटीला इतकी पोरं. हिला काही झालं तर मी काय करणार, ताई? नळीचं कळणारं एक माणूस रोज वर्गात बसलं पाहिजे."

"मी बसते की. शिवणकाम संध्याकाळी करीन."

"आई नको. आई दिसली की पोरं कडेवरून उतरत न्हाईत. दुसरं कुणीबी चालतंय."

दुसरं कुणीबी! यांना दुकान सोडून बाकावर बसणं जमणार नाही. परत येताना नीलूनं खिडकीतून आतल्या पोरांकडे बघून मला विचारलं, भुवया उंचावून. तिनंच "टक् टक्" केलं. नाही ना, असं. माझ्या आधी तिनंच उत्तर देऊन टाकलं, याचं फार लागलं मला.

डॉक्टरबाई म्हणतात, पुढं कधीतरी बरगडीची कूर्चा घेऊन श्वासनळी मोठी करायचं ऑपरेशन होईल, पण वजन वाढायला हवं, वेळ यायला हवी. तोवर काय, पोरीनं दारातून जग बघायचं?

१७ नोव्हेंबर

आज साफसफाई करताना बाहुली देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर सापडली. खांद्याखाली फडक्याची छान गुंडाळी ठेवून मान मागं टाकून निजवलेली. नीलूची कमाल आहे, बघून बघून किती शिकली. पण काज परत उसवलंय. आत्याबाईंना दाखवलं तर पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "दोरा कच्चा हाय तुझा." माझा दोरा कच्चा! अप्पा असते तर त्यांच्याशी भांडले असते.

२८ डिसेंबर, मेहकर

शेत पूजायच्या वेळ अमावस्येसाठी यांच्या गावी, भालकीजवळच्या मेहकरला आलो. यांचे चुलते जगदेवप्पा इथं शेती बघतात. सगळं भावकीचं कुटुंब परवा शेतात जेवणार. त्याआधी आज नीलूचं लिंगधारण, गळ्यात लिंग बांधायचा विधी, उरकलं. जन्मल्यावर व्हायचं, पण तेव्हा ती काचेच्या पेटीत होती, मग आजारपणं, राहून गेलं.

पाहुण्यांत कुजबुज झालीच. गळ्यात तर नळी, मग लिंग कुठं? गळ्यातच पाहिजे. सिद्धेश्वर स्वामींनी तिथल्या तिथं मिटवलं. "गळ्यात कामून पाहिजे? अंगावर पाहिजे. दंडाला बांधा. पोरीच्या श्वासापेक्षा मोठी पूजा कुठली हाय?" आणि लिंग ठेवायची चांदीची लहान डबी, करडगी, फडक्यात बांधून नीलूच्या दंडाला बांधली. नीलू सगळ्यांना दंड दाखवत फिरली, पैलवानासारखा.

पण आत्याबाईंचं मन भरलं नाही. संध्याकाळी माझ्याकडे आल्या, हातात त्यांचा जुना शिवदार, लिंगाचा गोफ. लाल रेशमी. त्यांच्या आईनं दिलेला.

"ती पांढरी फीत दवाखान्याची हाय. दोन दिवस तरी हे बांध. घरचं काय तरी असू दे तिच्या गळ्याला."

"रेशीम आहे, आत्याबाई. फीत सुती असावी म्हणतात."

"माझी आई मला बांधायची गं." आणि त्यांनी स्वतः नीलूच्या मानेखाली हात घातला, केस वर केले. जुलैपासून त्यांनी या गळ्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता. मी नाही म्हणू शकले नाही. दोन गाठी मारल्या, वर टाका घातला. गाठ सुटणार नाही, याची मला खात्री आहे. बोट घालून बघितलं. बरोबर आहे.

बरोबर आहे ना?

१ जानेवारी, कलबुर्गी

लिहायला आज सवड झाली. आधी हे लिहिते : नीलू बरी आहे. समोर बसून इडली खातेय.

परवा सकाळी सगळे शेतात. कडब्याची कोप उभी केली होती, आत पांडव म्हणून मांडलेले, चुन्यानं रंगवलेले दगड, समोर भज्जी, उंडे, आंबट भात, मोठ्या बिंदग्यात अंबिल. जगदेवकाकांनी अंबिलाचा तांब्या घेतला आणि ज्वारीवर शिंपडत निघाले, "ओलगे! ओलगे!" मागून सगळी पोरं तीच आरोळी ठोकत. नीलूही. मी कोपीच्या दारातून बघत होते. पोरांच्या रांगेत माझी पोर मान मागं टाकून, पूर्ण तोंड उघडून ओरडत होती आणि तिचा आवाज येत नव्हता. तिला वाटलं असेल, आणखी जोर लावला तर येईल. तिनं जोर लावला. खोकला आला.

ती वळली आणि माझ्याकडे बघितलं. नळी तिच्या छातीवर लोंबत होती.

गाठ सुटली नव्हती. माझी गाठ सुटत नाही. घामानं रेशीम सरकत सरकत सैल झालं होतं, आणि गाठीसकट सगळं बाहेर आलं होतं.

मी धावले, उचललं, कोपीत आणलं. तिच्या छातीखाली परत तो खड्डा पडत होता. शिट्टी वाजत होती, बारीक, वरची ती अरुंद वाट जेवढं देत होती तेवढं. हे समोर आले, तर मी म्हटलं, "गाडी!" आणि ते पडले नाहीत, धावले. घोंगडीवर नीलूला ठेवते न ठेवते तोच तिच्या खांद्याखाली शालीची गुंडाळी आली. मान मागं गेली. भोक समोर आलं. डोकं दोन हातांनी कुणीतरी घट्ट धरलं होतं. आत्याबाई.

मी कात्री हातात घेऊन क्षणभर थांबले. शिवदार कसा कापायचा? आत्याबाईंनी माझ्या हातातून कात्री घेतली आणि एका फटक्यात कापला.

"बघत बसू नको. घाल."

नवी नळी घेतली. जाईना. भोक आवळायला लागलं होतं. कोन बदलला, जाईना. जोर लावायचा नाही, जोर लावायचा नाही, असं डॉक्टरबाईंचं वाक्य कानात. नीलूचे ओठ मी बघितले. बघायला नको होते. अप्पा, हाताला कळू देत नाही, मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं म्हणे, काकू सांगत होत्या.

"लहानी घे," आत्याबाई म्हणाल्या, आणि माझ्यापुढं लहान नळी धरली. काडी बसवलेली. टोकाला जेली लावलेली. पाकीट कधी फोडलं, जेली कधी लावली, डोकं कोणत्या हातानं धरलं होतं, मला काही माहीत नाही.

लहान नळी गेली. काजातून बटण जावं तशी. काडी ओढली. काही झालं नाही. मग नीलूच्या छातीनं एक मोठा गचका दिला आणि खोकल्यासरशी कफाचा गोळा माझ्या तोंडावर. मी तो पुसलासुद्धा नाही. श्वास चालू झाला होता. आत, बाहेर. आत, बाहेर. ओठ गुलाबी होताना मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिले. सूर्य उगवतो तसं काही नाही. पातळ डाळिंबी कापडाखाली हात धरला तर दिसतो तसं.

सुती फीत बांधली. आत्याबाईंनी हनुवटी खाली धरली, मी बोट घालून बघितलं.

आणि मग नीलू रडली.

रडण्याचा आवाज आला! घोगरा, फाटका, सायकलच्या जुन्या भोंग्यासारखा, पण आवाज. बाहेर पोरं गप्प झाली. काका अंबिलाचा तांब्या घेऊन तसेच ज्वारीत उभे. सगळं शेत माझ्या पोरीचं रडणं ऐकत होतं. मी म्हटलं, "रड गं. रड. आणखी रड." काकू म्हणाल्या, हिला येड लागलं.

यांनी गाडी उभ्या ज्वारीतून थेट कोपीपर्यंत घातली होती. "काका, पीक गेलं," म्हणाले.

"पीक जाऊ दे मसणात! बस तू!" काका ओरडले. भालकीत ऑक्सिजन लावला, तिथून इथं.

डॉ. पवित्रांनी आधी नीलूला तपासलं, मग मला.

"रेशीम? मल्लेश्वरीताई, शिवणकाम करता ना तुम्ही?"

रेशमाला सुती गाठ मारत नाहीत, हे मला आठव्या वर्षापासून माहीत आहे. का बांधलं ते कसं सांगू? कुणीतरी पहिल्यांदा माझ्या पोरीच्या गळ्याला मायेनं हात लावला होता. त्या हाताचं मन मोडवेना.

"मीच बांध म्हणले," आत्याबाई मागून म्हणाल्या. "तिला बोलू नका."

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "खांद्याखाली गुंडाळी कुणी दिली?"

आत्याबाई पदर नीट करत खिडकीबाहेर बघायला लागल्या.

३ जानेवारी

दुर्बिणीनं बघितलं. सूज उतरली आहे, वरची वाट थोडी मोकळी आहे. लहान नळीच्या कडेनं हवा वर जाते, म्हणून आवाज. डॉक्टरबाई म्हणाल्या, "एवढ्यात उड्या मारू नका. अरुंद आहेच. ऑपरेशन लागणारच. पण लहान नळीवर ती छान आहे, तीच राहू दे." मी उड्या मारल्या नाहीत. बाथरूममध्ये जाऊन एकच मारली.

दुपारी नीलू पहिला शब्द बोलली. मी समोर होते, चमचा माझ्या हातात होता. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाली, "अज्जी."

मला हेवा वाटला. खोटं कशाला लिहू. मग अज्जीचं तोंड बघितलं आणि हेवा गेला. बहुतेक गेला.

संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये यांना विचारलं, शोभा कोण? यांची थोरली बहीण. यांच्या जन्माआधीची. नीलूएवढीच होती. घटसर्प झाला, घसा भरत गेला. मेहकरहून बैलगाडीत भालकीला नेईपर्यंत अव्वाच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, मांडीवरच गेली. "घरात तिचं नाव काढत न्हाईत," हे म्हणाले. "मलाच काकांनी सांगितलं."

मी आत गेले. आत्याबाई नीलूचे पाय चेपत होत्या. मी शेजारी बसले. त्याच म्हणाल्या, "तवा असं भोक पाडता येतंय, हे मला कुणी सांगितलंच न्हाई गं. मी नुसती बघत बसले."

मशीन सुरू झालं की उठून जाणाऱ्या या बाईला किळस येते, असं मी लिहिलं होतं. त्या पानावर आता काट मारून काय उपयोग, राहू दे तसंच.

आणि हो. बाहुलीचं काज नीलू उसवत नव्हती. देव्हाऱ्याच्या फळीपर्यंत तिचा हात कसा पोचेल? मी शिवणारी बाई, मला फळीची उंची कळू नये!

२१ फेब्रुवारी

तपासणीला गेलो होतो. आत्याबाई आपण होऊन डॉक्टरबाईंच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "माझी परीक्षा घ्या."

यांनी विचारलं, "अव्वा, आजपर्यंत कामून लपवलंस?"

"जमलं नसतं तर? तुझ्यावानी भिंतीला टेकून बसायचं मला?"

डॉक्टरबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. आत्याबाईंनी नीलूची नळी बदलली. आधी नळी उचलली, परत ठेवली, परत उचलली. मी मागून म्हणाले, "घाबरलात ते हाताला कळू देऊ नका." "कुणी सांगितलं गं तुला हे?" "अप्पांनी." "शहाणा होता तुझा अप्पा. दोरा तेवढा कच्चा वापरायचा."

काडी काढली, बोट घालून फीत बघितली, आणि नीलूनं "टक्" केलं. बोलता येत असूनसुद्धा. अज्जीसाठी खास.

काकांच्या शेताचं एक सांगायचं राहिलं : गाडीनं झोपवलेल्या ज्वारीतली बरीच उठली म्हणे परत.

२९ मे, हुमनाबाद

बालवाडी दोन दिवसांनी सुरू होते. नीलूचा गणवेश शिवून झाला. गळा मी नेहमीपेक्षा उघडा ठेवला आहे, नळी झाकायची नाही असं नीलूनंच सांगितलं. घोगऱ्या आवाजात दिवसभर इतकी बडबड करते की हे दुकानातून उशिरा येतात, असा मला संशय आहे.

सगळं झालं, एक सोडून. मंजुश्रीबाईंची अट. आई नको, नळीचं कळणारं दुसरं माणूस रोज वर्गात. ते माणूस घरात आहे. पण कसं विचारायचं? शाळेची पायरी न चढलेली बाई, वयाच्या या टप्प्यावर, चिमुरड्यांच्या बाकावर दुपारपर्यंत बसणार? शिवाय त्यांचे दुपारचे मठात जायचे दिवस, गुडघे, पोरांचा गोंगाट त्यांना सोसत नाही. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. नको म्हणाल्या तर त्यांना वाईट वाटेल, आणि मला त्यांना आता काहीही वाईट वाटू द्यायचं नाही.

आज त्याही आपल्या नादात होत्या. नळीची पिशवी माझ्यापुढं टाकून म्हणाल्या, "हिला खांद्याला अडकवायचा पट्टा लाव. चांगला रुंद. आणि वरच्या बाजूला पाण्याच्या बाटलीला जागा कर." मठात जाताना लागत असेल. लावून दिला, दुहेरी शिलाई मारून, कच्चा दोरा म्हणायला जागा नको. मग नवं इरकल नेसून आरशासमोर पिशवी खांद्याला लावून बघत होत्या. मंजुश्रीबाई कुठल्या गावच्या, वर्गात पंखा आहे का, असलं काहीबाही विचारलं. मी उत्तरं दिली आणि मनात वाक्य जुळवत राहिले. विचारायची हिंमत शेवटपर्यंत झाली नाही.

उद्या सकाळी नक्की. नाहीच म्हणणार त्या, माहीत आहे. तरी एकदा विचारायचंच. असं विचारीन :

आत्याबाई, रागावू नका. नीलूबरोबर शाळेत बसाल का?